दुसऱ्या दिवशीची देवघेव

सार्वजनिक ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालात व्याख्यानांसाठी एक स्वतंत्र परिच्छेद राखून ठेवण्याचा शिरस्ता आपल्याकडे फार जुना असून, त्या परिच्छेदात वक्त्याचे नाव, विषय, तारीख आणि ‘श्रोत्यांची उपस्थिती लक्षणीय होती’ हे ठरीव वाक्य एवढा मजकूर आला, म्हणजे कार्यवाहांचे कर्तव्य पुरे झाले असे समजले जाते. तालुक्याच्या गावच्या एका नगर वाचनालयात ग्रंथपाल म्हणून माझी हयात गेली आणि असले परिच्छेद सालोसाल मीच लिहून दिले. तेव्हा त्यांची थोडी थट्टा करण्याचा अधिकार मला असला, तरी त्यांच्याविषयी तक्रार करण्याचा नाही. मात्र त्या अहवालात जी गोष्ट कधीच नोंदली गेली नाही, ती देवघेवीच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाला न विचारता कळत असे. लेखक येऊन, बोलून, हार-नारळ घेऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या पुस्तकांचे काय झाले, ही ती गोष्ट. व्याख्यान फळाला आले की नाही, याचा निकाल टाळ्यांनी होत नसून दुसऱ्या दिवशी सायंकाळी देवघेवीच्या खिडकीपाशी होतो, हे मत मी नोकरीच्या आरंभीच बनवले आणि पुढे ते बदलण्याजोगे काही घडले नाही.

आपल्याकडे ग्रंथालये व्याख्यानमालांहून वयाने बरीच थोरली आहेत. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली, तर रानडे आणि लोकहितवादी यांनी ग्रंथकारांची पहिली सभा भरवली ती १८७८ च्या मे महिन्यात. म्हणजे कपाटे आधी आली आणि व्यासपीठ मागाहून आले. परंतु आरंभीची ही कपाटे बहुतांशी सरकारी अंमलदार, वकील आणि त्यांच्या भोवतीची चार इंग्रजी शिकलेली मंडळी यांच्यासाठी होती. सर्वसामान्य माणसाने वाचनालयाचा उंबरठा ओलांडला तो पुष्कळदा पुस्तकासाठी नव्हे, तर व्याख्यानासाठी, कारण व्याख्यान ऐकायला वर्गणी, अनामत वा जामीन यांपैकी काहीच लागत नसे. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला, पुढच्या वर्षी ग्रंथालय संचालनालय स्थापन झाले, आमच्यासारख्या संस्थांना वर्ग आणि अनुदान मिळू लागले, आणि त्याबरोबर नोंदवह्या, तपासण्या व तक्ते यांचेही युग अवतरले. तपासणीस आलेले अधिकारी ‘कार्यक्रम किती झाले’ असे विचारीत आणि आम्ही आकडा सांगत असू. कार्यक्रमानंतर काय झाले, हा रकाना कोणत्याच तक्त्यात नव्हता.

लेखकाला गावी आणणे हे त्या काळी मुख्यतः पत्रव्यवहाराचे काम होते. कार्यवाह विनंतिपत्राचा मसुदा करीत, मी त्याची नक्कल दप्तरी ठेवी, आणि मानधनाचा आकडा इतका किरकोळ असे, की तो अंकात न लिहिता ‘फूल नाही फुलाची पाकळी’ या शब्दप्रयोगाच्या आडोशाला ठेवावा लागे. होकार आला, की खजिनदारांकडून तसलमात उचलायची, शेजारच्या मंगल कार्यालयातून खुर्च्या आणायच्या, ध्वनिक्षेपकवाल्याला दोनदा बजावायचे आणि एस.टी. स्थानकावर माणूस उभा करायचा. भोजनाची व्यवस्था अध्यक्षांच्या वाड्यावर ठरलेली असे. या सर्व तयारीत गावातील एका विद्वान गृहस्थांना परिचय करून देण्याचा मान दिलेला असे, आणि ते गृहस्थ एवढ्या निष्ठेने आपले काम करीत, की वक्त्याच्या सर्व पुस्तकांची कथानके शेवटासह सांगून झाल्यावर मगच ध्वनिक्षेपक सोडीत. एका कथालेखकाने अशा परिचयानंतर उभे राहून, ‘आता मी आभार मानतो आणि बसतो,’ असे म्हटल्याचे मला स्मरते. सभा हसली, परिचयकर्ते सर्वांत जास्त हसले.

या साऱ्या धामधुमीत माझे लक्ष असे ते कपाटाकडे. पाहुण्यांची आमच्याकडे असलेली पुस्तके मी आधीच्या आठवड्यात काढून पाही. शिवण सुटलेली असली तर बाइंडरकडे धाडी, बाहेर गेलेली असली तर सभासदांना निरोप पाठवी. व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी मागणीची एकच झुंबड उडेल, अशी माझी नवखेपणातली कल्पना होती. आणि ज्या वक्त्याच्या बाबतीत ती सर्वांत प्रबळ होती, नेमका त्याच्याच बाबतीत तिचा धुव्वा उडाला.

हे वक्ते आपल्या काळात महाराष्ट्रभर गाजलेले होते. त्यांचा आवाज भरदार, स्मरणशक्ती अचाट, विनोदाची पेरणी मोजून केलेली, आणि आपल्याच कादंबरीतले प्रसंग ते असे उभे करीत, की वाचनालयाच्या चौकात दाटीवाटीने बसलेला जनसमुदाय कधी खो-खो हसे, कधी पदर डोळ्यांना लावी. दीड तास कसा गेला ते कोणालाही कळले नाही. रात्री सतरंज्या गोळा करताना आमचे शिपाईमामा मला म्हणाले, “साहेब, उद्या त्यांची पुस्तकं पुरायची नाहीत.” दुसऱ्या दिवशी मी त्या कादंबऱ्या टेबलावर रांगेने मांडून बसलो. माणसे आली, व्याख्यानाची तोंड भरून स्तुती केली, आणि नेहमीप्रमाणे रहस्यकथा, दिवाळी अंक आणि गेल्या आठवड्यात राखून ठेवायला सांगितलेली अन्य पुस्तके घेऊन गेली. एका शिक्षिकाबाईंना मी होऊन ती कादंबरी पुढे केली, तेव्हा त्या प्रसन्नपणे म्हणाल्या, “अहो, ती तर काल ऐकली की!”

त्याच मालेत पुढच्या वर्षी एक वयस्क निबंधकार आले होते. कृश शरीरयष्टी, जाड भिंगांचा चष्मा, आणि ध्वनिक्षेपकाचे त्यांना बहुधा भयच वाटत असावे, कारण ते त्याच्यापासून हातभर दूर उभे राहून बोलत. वाक्य मध्येच सोडून ते खिडकीबाहेर पाहत. एक आठवण सांगायला घेत आणि ‘नाही, ते मी लिहिले आहे तेच बरे आहे, बोलताना बिघडते,’ असे म्हणून ती तशीच टाकून देत. पाठीमागची मुले उठून गेली. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिले. व्याख्यान पडले, यात कोणाचेच दुमत नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांचे निबंधांचे ते बारीकसे पुस्तक मागायला एकामागून एक माणसे आली. पहिले आले ते तालुका कचेरीतले अव्वल कारकून. “ते नदीच्या उताराचं सांगत होते आणि मधेच थांबले. ते कुठल्या पुस्तकात आहे?” असे त्यांनी विचारले. प्रत एकच होती; मागणीच्या वहीत तिच्यासाठी नावांची रांग लागली, आणि पावसाळा संपेपर्यंत ते पुस्तक कपाटात परतले नाही. घरून घरी, हातोहात, आमच्या नोंदीच्या पलीकडेही ते फिरले असावे, कारण परत आले तेव्हा त्याला वर्तमानपत्राचे नव्हे, तर कोणा गृहिणीने खणाच्या तुकड्याचे नेटके कव्हर घातलेले होते.

एवढ्यावरून सिद्धान्त उभारण्याइतका मी धाडसी नाही. उत्तम बोलणाऱ्या लेखकांची पुस्तकेही खपली आणि वाचली गेली, आणि अडखळणाऱ्या कित्येकांची पुस्तके अडखळतच राहिली. तथापि ग्रंथपालाच्या नजरेतून पाहता, जेवण वाढून पोट भरवणारा वक्ता आणि नुसता फोडणीचा वास दरवळवून जाणारा वक्ता यांत दुसरा मला अधिक उपयुक्त वाटू लागला. लेखकाने व्याख्यानात आपले पुस्तक पुरे करू नये. त्याने ते अर्ध्यावर आणून सोडावे आणि उरलेले ग्रंथालयाच्या स्वाधीन करावे. म्हणून पुढे विनंतिपत्राच्या मसुद्यात मी कार्यवाहांच्या संमतीने एक ओळ घालू लागलो: ‘भाषणाऐवजी आपल्या लेखनातील एखादा भाग आपण स्वतः वाचून दाखवावा आणि त्याविषयी श्रोत्यांशी बोलावे, अशी वाचकांची इच्छा आहे.’ ती वाचकांची इच्छा होती असे म्हणण्यापेक्षा माझी होती असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल. पण सरकारी असो वा संस्थेचा, कोणताही पत्रव्यवहार थोड्याशा बहुवचनावाचून चालत नाही.

दुसरा बदल मी केला तो मात्र सहजासहजी मंजूर झाला नाही. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली, आणि त्यांतले वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचे सूत्र आमच्या प्रशिक्षणवर्गात घोकून घेतले जाई. ते सूत्र व्याख्यानाच्या रात्री कसे लागू पडते, हा प्रश्न मला छळीत होता. ऐकण्याने मनात जी इच्छा उत्पन्न होते तिची मुदत फार थोडी असते; रात्री नऊला जागी झालेली उत्कंठा दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत भाजी, औषध, मुलांची फी आणि पाहुणे यांच्या गर्दीत टिकतेच असे नाही. तेव्हा सभा सुटताना दाराशीच टेबल मांडून पाहुण्यांची पुस्तके तिथल्या तिथे सभासदांना द्यावीत, आणि सभासद नसलेल्यांनाही कोणा सभासदाच्या हमीवर एका पुस्तकापुरती सवलत द्यावी, असा प्रस्ताव मी कार्यकारी मंडळापुढे ठेवला. मंडळात दोन निवृत्त शिरस्तेदार होते. कामकाजाच्या वेळेबाहेर देवघेव केल्यास तिची नोंद कोणत्या तारखेस धरावी, हा त्यांचा पहिला आक्षेप, आणि हमी देणारा सभासदच वर्गणी थकलेला असल्यास काय, हा दुसरा. दोन्ही आक्षेप निर्विवाद सयुक्तिक होते. अखेर अध्यक्षांनी, ‘पुस्तके गेली तर माझ्या नावे खर्ची टाका,’ असे म्हटले आणि प्रस्ताव ‘प्रायोगिक तत्त्वावर’ मंजूर झाला. या शब्दप्रयोगाने महाराष्ट्रातील अनेक संस्थांचा उद्धार केलेला आहे. एकदा प्रयोग म्हणून सुरू झालेली गोष्ट बंद करण्यासाठी निराळा ठराव लागतो, आणि तो मांडण्याचा उत्साह सहसा कोणाला नसतो.

दाराशी मांडलेल्या त्या टेबलाने एक वेगळाच वाद उपस्थित केला. येणारा प्रत्येक लेखक आपल्या एखाद्या पुस्तकाची प्रत सही करून वाचनालयाला भेट देई. ती प्रत काचेच्या कपाटात कुलुपात ठेवावी, असे कार्यवाहांचे मत. लेखकाची स्वाक्षरी ही संस्थेची मालमत्ता असून तिचे जतन करणे हे आपले कर्तव्य आहे, असे ते म्हणत, आणि त्यांच्या म्हणण्याला जडसंग्रहाच्या नोंदवहीचा आधारही होता. माझे म्हणणे असे, की लेखकाने ती सही केली ती वाचकांसाठी, कपाटासाठी नव्हे. सहीचे पान उलटताना वाचकाला जो आनंद होतो, तो त्याला का नाकारावा? सात-आठ वर्षे काचेआड राहिलेल्या अशा प्रती मी दाखवल्या: स्वाक्षऱ्या ताज्या होत्या, पण आतल्या पानांना कसर लागली होती. तोड निघाली ती अशी, की सही केलेली प्रत देवघेवीत जावी, आणि तिची बांधणी मोडकळीस आल्यावर सहीचे पान तेवढे सोडवून संग्रही ठेवावे. पुढे त्या पानांचे एक बाड तयार झाले. काहींवर शाईच्या सहीखाली हळदीचे बोट उमटलेले आहे. कार्यवाहांना ते कधीच आवडले नाही, आणि मला त्यांचे न आवडणे कधी अनाठायी वाटले नाही.

१९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ प्रसिद्ध झाले, त्यानंतरच्या काही वर्षांत मराठी वाचकाच्या मागणीच्या वहीचे स्वरूप बदलत गेले, हे त्या काळी देवघेवीच्या टेबलाशी बसलेला कोणीही सांगेल. त्याच सुमारास आत्मकथन लिहिलेल्या एका लेखकाला आम्ही बोलावले. त्यांचे नाव मी येथे घेत नाही, कारण मला सांगायचे आहे ते त्यांच्याविषयी नसून समोर बसलेल्यांविषयी आहे. सभेला नेहमीची मंडळी होतीच. पण चौकाच्या मागच्या बाजूस, पायऱ्यांवर आणि दाराबाहेर रस्त्यावर जी माणसे उभी होती, त्यांतल्या बहुतेकांना मी वाचनालयात पूर्वी पाहिले नव्हते. गावाच्या खालच्या अंगाला राहणारे नगरपालिकेचे कामगार होते, वीटभट्टीवरून परस्पर आलेले तरुण होते, डोक्यावरून पदर घेतलेल्या म्हाताऱ्या होत्या. पुढच्या खुर्च्या रिकाम्या असूनही ती मंडळी पुढे येईनात. पाहुण्यांनी ते पाहिले. ते व्यासपीठावरून उतरले, चौकाच्या मध्यभागी आले आणि तिथूनच बोलू लागले, त्यामुळे पुढच्या रांगेतील प्रतिष्ठितांना खुर्च्या वळवून बसावे लागले.

त्या वेळी मला जोतीराव फुल्यांच्या त्या पत्राची आठवण झाली, जे त्यांनी १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारताना लिहिले होते. जे लोक सर्वांचे मानवी हक्क मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. आमचे वाचनालय स्थापन करणाऱ्यांच्या तसबिरी त्याच चौकाच्या भिंतीवर होत्या. ती माणसे सज्जन आणि विद्याव्यासंगी होती. परंतु सभासदत्वासाठी दोन प्रतिष्ठित नागरिकांची शिफारस लागेल हा नियम त्यांनीच केला होता, आणि तो शंभर वर्षे कोणाला खटकला नव्हता, याचे कारण ज्यांना तो आडवा येत असे ते अर्ज करण्यापर्यंत पोहोचतच नव्हते.

सभा सुटल्यावर दाराशी टेबल होतेच. एक विशीचा तरुण बराच वेळ नुसता उभा राहिला. मग त्याने त्या आत्मकथनाची प्रत उचलली, मधलेच पान उघडले आणि उभ्याउभ्या वाचू लागला. मी नाव विचारले तेव्हा त्याने पुस्तक चटकन खाली ठेवले आणि म्हणाला, “न्यायचं नाय, बघतोय फक्त.” शिपाईमामा माझ्या शेजारी होते. त्यांनी आपली हमी लिहून घ्या म्हणून सांगितले, वहीत सही केली आणि पुस्तक त्या पोराच्या हातात देत म्हणाले, “ने रे. आठ दिवसांत आण म्हणजे झालं, मला पगार कापून घ्यायचा नाही.” पुस्तक आठ दिवसांत आले नाही, पंधरा दिवसांत आले, तेवढ्यात ते त्या वस्तीवर रात्री कंदिलाच्या उजेडात मोठ्याने वाचले गेले होते, एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असे. विलंबाचा दंड मामांनी भरला की त्या तरुणाने, हे मी विचारले नाही. दोन शिफारशींचा नियम मात्र पुढच्या वार्षिक सभेत रद्द झाला, आणि तो प्रस्ताव मांडला त्याच निवृत्त शिरस्तेदारांपैकी एकाने, ज्यांनी नोंदीच्या तारखेविषयी आक्षेप घेतला होता.

व्याख्यानाला जे येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडे पुस्तक तरी जावे, या विचाराने आम्ही काही काळ पेट्या फिरवल्या. कल्पना आमची नव्हती. श्रीमंत सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथालयतज्ज्ञाला बडोद्यास आणून संस्थानभर जी ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, तिच्यात लाकडी पेट्यांतून खेडोपाडी जाणारी फिरती ग्रंथालये होती, हे आम्ही वाचले होते. आमची पेटी सुताराने जुन्या बाकाच्या फळ्यांतून केलेली, आणि ती एस.टी.च्या टपावरून जाई. एखाद्या लेखकाचा कार्यक्रम झाला, की त्याची पुस्तके आणि त्याने बोलताना उल्लेखलेली इतरांची पुस्तके अशी एक पेटी भरून आसपासच्या गावच्या शाळामास्तरांकडे धाडायची. पेटी गेली तशीच परत येई अशी गावे होती, आणि पेटी परत येतच नाही अशीही होती. पहिल्या प्रकारापेक्षा मला दुसरा अधिक आशादायक वाटे. खर्च झेपेना, तेव्हा योजना थांबली.

ही देवघेव एकेरी असते, लेखकाकडून निघून वाचकाकडे येते आणि तिथे संपते, अशी माझी समजूत होती. ती एका कादंबरीकारांनी नकळत दूर केली. कार्यक्रमाच्या दिवशी ते दुपारीच आले, आणि वाड्यावर विश्रांती घेण्याऐवजी वाचनालयात येऊन म्हणाले, “माझ्या पुस्तकाची तुमच्याकडची जुनी प्रत दाखवता का? नवी नको.” मराठी ललित पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची असे. त्यांतल्या बऱ्याच प्रती ग्रंथालयांतच जातात, आणि त्या प्रतींचे पुढे काय होते हे लेखकाला कधी पाहायला मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे. मी प्रत काढून दिली. तारखांच्या शिक्क्यांची पट्टी भरून तिच्यावर दुसरी डकवलेली होती. त्यांनी चष्मा काढून ती पट्टी निरखली, मग पाने उलटू लागले, आणि एका पानाशी थबकले.

समासात शिसपेन्सिलीने, वळणदार मोडीचा हात असलेल्या देवनागरीत लिहिले होते: ‘शाळू मृगात पेरत नाहीत. शाळू रब्बीचा. उत्तरा-हस्ताखेरीज तिफण धरीत नाहीत. सबब दुरुस्ती व्हावी.’ पुस्तकात लिहिणाऱ्यास दंड करण्याचा नियम आमच्याकडे छापील होता आणि पाहुण्यांच्या डोक्यावरच टांगलेला होता. अक्षर मी तत्काळ ओळखले. गावात सर्वजण त्या गृहस्थांना तात्या म्हणत. तलाठी म्हणून त्यांची नोकरी झाली होती, आणि गाव नमुना बारावर पीकपाहणीच्या नोंदी करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला कादंबरीतले पीकसुद्धा खातरजमा केल्याशिवाय मान्य होत नसे. मी काही सारवासारव करणार, तोच लेखक म्हणाले, “बरोबर आहे. मी शहरात वाढलो, मला कोणी सांगितलंच नाही.” त्यांनी खिशातून डायरी काढून ते टिपण शब्दशः उतरवून घेतले. सायंकाळी व्याख्यानात त्यांनी त्याचा उल्लेख केला, आणि पाचव्या रांगेत बसलेल्या तात्यांनी मान खाली घातली ती सभा संपेपर्यंत वर केली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ते देवघेवीला सर्वांच्या आधी आले आणि दंडाची रक्कम टेबलावर ठेवून रीतसर पावती मागितली.

नवी आवृत्ती निघायला बरीच वर्षे गेली. लेखकांनी तिची प्रत आठवणीने पाठवली. पेरणीचा प्रसंग मृगातून काढून हस्तात नेलेला होता. मी ती प्रत दाखल करून घेतली आणि सर्वांत आधी तात्यांकडे पाठवली. ठरलेल्या मुदतीत ती परत आली. पेरणीच्या पानावर खूण नव्हती. त्यापुढच्या प्रकरणात, जेथे दिवाळीला घरी आलेल्या मुलाला आजी शेतावर हुरडा खायला नेते, त्या पानाच्या समासात तीच शिसपेन्सिल होती: ‘हस्तात पेरलेल्या शाळवाचा हुरडा दिवाळीत कसा मिळेल? पौषाआधी नाही. मागील दुरुस्तीमुळे हे उद्भवले.’ आणि पुस्तकात दंडाची रक्कम घडी घातलेल्या कागदात ठेवलेली होती.

मी ते वाक्य पोस्टकार्डावर उतरवून लेखकांना कळवले. त्यांचे उत्तर उलट टपाली आले. मजकूर दोनच ओळींचा होता: तात्यांचा पत्ता पाठवावा, आणि पुढच्या कादंबरीचे हस्तलिखित प्रकाशकाकडे जाण्यापूर्वी ते त्यांच्याकडे पाठवले तर त्यांना चालेल का, असे त्यांना विचारून ठेवावे. तात्यांना विचारले, तेव्हा त्यांनी एकच अट घातली: लिखाण पेन्सिलीने तपासले जाईल, आणि त्याचा दंड घेतला जाऊ नये.